नोरीनच्या चार आया

नोरीन नापुरुर्ला दुपारी झाडाखाली जरा लवंडली की हटकून तेच स्वप्न पडायचं. लाल मातीवरून पांढरी गाडी तरंगत चाललीय, चाकं जमिनीला टेकत नाहीत, आणि आत बसलेली आई काच खाली करून विचारतेय, "अगं, अजून किती वेळ?"

आईला जाऊन पाच महिने झाले होते. गेलेल्याचं नाव त्या मुलखात कुणी तोंडात आणत नाही, म्हणून सगळे तिला कुमंजाई म्हणत, गेलेल्या माणसासाठी राखलेल्या शब्दाने. तिच्या मागे उरली ती एक टोयोटा. रीत अशी, की माणूस गेलं की लेकीने त्याची गाडी ओल्या पाल्याच्या धुरात धरायची आणि गेलेल्याच्या मामाच्या हवाली करायची. तोवर जीव गाडीला चिकटून राहतो, आपल्या पाणवठ्याकडे परतत नाही. पण कुमंजाई गेली अ‍ॅलिस स्प्रिंग्ज शहरातल्या दवाखान्यात, मृत्युपत्र न करता, आणि गाडी अडकली सरकारी आवारात.

नोरीन चार तास धक्के खात शहरात आली, बरोबर म्हातारी कोरा. अर्जावर 'आईचं नाव' या ओळीत नोरीनने तीन नावं लिहिली आणि पुढे नुसती एक रेघ ओढली. कचेरीतला हॉलिस नवाच होता, कानावर पेन्सिल खोचलेला.

"नोरीनबाई, इथे आई एकच लिहायची."

"मग बाकीच्यांना काय सांगू? रद्द झालात म्हणून?"

"आणि ही रेघ कोण?"

"तीच. जिची गाडी."

"तिचं नाव?"

नोरीन खिडकीबाहेर बघू लागली. कोराने तोंडावर हात ठेवला. हॉलिसने दवाखान्याचा कागद काढून नाव मनातल्या मनातच वाचलं, हे त्याचं शहाणपण.

"जन्म तिने दिला तुम्हाला?"

"छे, जन्म हिने दिला," नोरीनने कोराकडे हनुवटी केली.

"नुसता जन्मच," कोरा म्हणाली. "मांडीवर वाढली ती माझ्या ह्या गेलेल्या बहिणीच्या."

"सख्खी बहीण?"

"आमच्या आज्या बहिणी-बहिणी. म्हणजे सख्खीच की."

हॉलिसने डोकं खाजवलं. "कागदावर तुम्ही फार लांबच्या. जवळचं कुणी नसेल तर गाडी सरकारजमा होते."

"सरकार तिचा मामा लागतं का रे?" कोरा म्हणाली.

हॉलिसला हसू आवरेना. मग तो म्हणाला, "कायद्यात तुमच्या नात्यांनाही जागा आहे. पण न्यायाधीशांपुढे सगळं गोत मांडावं लागेल. मला आधी कळू तर द्या."

दोघी त्याला कोरड्या नदीच्या पात्रात घेऊन गेल्या. वाळूवर बोटांनी घोड्याच्या नालासारख्या खुणा उमटू लागल्या. प्रत्येक खूण म्हणजे एक बसलेली बाई. आईची बहीण आई, तिची लेक बहीण, तिची लेक पुन्हा लेक. ऊन पिवळं झालं, झाडांचे पांढरे बुंधे गुलाबी झाले, आणि वाळूत आयाच आया बसलेल्या. हॉलिस वहीत उतरवता उतरवता बूट काढून मांडी घालून बसला. कोराने कोपऱ्यात एक खूण त्याचीही काढली. "तू हिचा भाऊ. आता आमची रीत तुलाही, जावयाने सासूशी बोलायचं नाही हं." त्याचं लग्नच झालेलं नव्हतं. सासूचं तेवढं मात्र त्याने वहीत घेतलं नाही.

तीन महिन्यांनी निकाल लागला. लेक म्हणजे लेकच. किल्ली घेऊन हॉलिस स्वतः आवारात आला. पाला पेटला, धुराने गाडी झाकली, आणि क्षणभर नोरीनला ती खरंच तरंगल्यासारखी वाटली. किल्ली तिने मामाला दिली. मामाचं नाव जांगाला, वय वर्षं अठ्ठावीस, गेलेल्या भाचीपेक्षा चाळीसेक वर्षांनी लहान. तो मान खाली घालून गाडीत बसला आणि मागे न बघता निघून गेला.

"आठ महिने झगडलात," हॉलिस म्हणाला, "आणि साधी एक फेरीसुद्धा नाही?"

"लेक म्हणून तर माझ्या हातून गेली. परकी असते तर ठेवून घेतली असती."

धूळ हळूहळू आभाळात विरली. नोरीन बराच वेळ बघत राहिली, खांदे सैल सोडून. वळून पाहते तो कोरा हॉलिसच्या मोटारीत पुढच्या सीटवर पट्टा लावून बसलेली.

"चल ना," ती हॉलिसला म्हणाली, "चार तासांचा तर रस्ता."