एकोणसत्तर फुटी बोट आणि टॅन्सीची जागा

दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी विल्फ टनिक्लिफ स्वयंपाकघरातलं टेबल पुसतो, त्यावर कालव्यांचा नकाशा पसरतो आणि चार कोपऱ्यांवर चार मग ठेवतो. हे मग जरा वाकडे आहेत. स्टोकच्या एका चिनीमातीच्या कारखान्यात तो एकतीस वर्षं भट्टीवर होता, आणि वाकडे निघालेले मग घरी नेता यायचे. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. पलीकडे मग ठेवल्याचे चार आवाज आले की मे महिन्याच्या सहलीची आखणी सुरू झाली, हे मला इकडे कळतं.

मेच्या शेवटी शाळांना आठवडाभर सुट्टी असते. त्या आठवड्यात विल्फचं कुटुंब भाड्याची बोट घेऊन कालव्यावर जातं. विल्फ, त्याची बायको एव्हिस, मुलगी केरी, जावई गॅरेथ, नात फ्रेया आणि केरीची कुत्री टॅन्सी. गेली अकरा वर्षं हे चाललंय. आखणी एकटा विल्फ करतो, आणि त्याची वही पाहण्यासारखी असते. मैल मोजायचे, त्यात लॉकची, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पाण्यात चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दारांच्या हौदांची, संख्या मिळवायची, कारण एक लॉक पार करायला एक मैल जायला लागतो तेवढाच वेळ जातो. बेरजेला तीनने भागलं की तास निघतात. हे सगळेच बोटवाले करतात. विल्फच्या वहीत मात्र प्रत्येक दिवसापुढे आणखी एक रकाना असतो, त्याच्या डोक्यावर ‘टॅन्सी’ लिहिलेलं असतं. तिला कुठे उतरवायचं, कुठल्या काठावर मेंढ्या असल्याने साखळी लावायची, कुठला पब कुत्र्याला आत घेतो आणि कुठला नुसताच घेतो म्हणतो, कुठल्या पुलाखाली हंसिणीने घरटं केलंय. एव्हिससाठी रकाना नाही. मी एकदा विचारलं तर एव्हिस म्हणाली, “मी कुठेही उतरते.”

टॅन्सी नऊ वर्षांची आहे, तपकिरी, आखूड पायांची, एका कानाची कड फाटलेली. बोटीवर तिची जागा ठरलेली. मागच्या टोकाला, सुकाणू धरणाऱ्याच्या डाव्या पायाशी, घडी घातलेल्या गोणपाटावर. सुकाणू विल्फ धरायचा. त्यामुळे आठ वर्षं तिची हनुवटी विल्फच्या बुटावर होती. त्याच्या डाव्या बुटाचं कातडं त्या जागी फिकं झालेलं आहे. ते तो पॉलिशने झाकत नाही.

दोन वर्षांपूर्वी विल्फच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. केरी आणि गॅरेथ दोघंही नोकरीला जातात, त्यामुळे टॅन्सीला दुपारी फिरवायचं काम विल्फचं होतं. ते तात्पुरतं रॉय बेबिंग्टनकडे गेलं. रॉय हा गॅरेथचा बाप, म्हणजे विल्फचा व्याही. इंग्रजीत या नात्याला शब्दच नाही. ‘माझ्या मुलीच्या नवऱ्याचे वडील’ असं लांबलचक म्हणावं लागतं, आणि एवढं बोलेपर्यंत माणसाचा राग थंड होतो. विल्फचा व्हायचा नाही. रॉय आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवत होता. शेजारच्या सीटवर गप्प बसून, पाय ब्रेकच्या जवळ ठेवून जगलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी बायको गेल्यावर त्याने घर विकून सत्तावन्न फुटी बोट घेतली आणि धक्क्यावर तिच्यातच राहू लागला.

गुडघा बरा झाला, पण फिरवण्याचं काम परत आलं नाही. कुणी काढून घेतलं नव्हतं, त्यामुळे मागताही येईना.

“माझी गाडी दारात थांबली की ती उठते,” विल्फ मला कुंपणापाशी म्हणाला. “त्याची गाडी कोपऱ्यावर वळायच्या आधीच उठते. केरीने सांगितलं. हसत सांगितलं.”

“कुत्र्यांचे कान तिखट असतात.”

“माझी गाडी जास्त आवाज करते,” विल्फ म्हणाला.

त्या नाताळात केरीच्या फ्रिजवर एक नवा फोटो लागला. रॉयच्या बोटीच्या टपावर लाल जाकीट घातलेली टॅन्सी, मागे ब्रॅकनहोमचा गोदीवजा डोह. कालव्याच्या एका फाट्याच्या अगदी टोकाला हे गाव आहे, पुढे पाणी संपतं. ऑक्टोबरमध्ये रॉय तिला घेऊन गेला होता. विल्फ कधीच गेला नव्हता. फ्रेयाने फोटो चिकटवायला जो चुंबक वापरला होता तो विल्फनेच दिलेला, हेही त्याच्या लक्षात राहिलं.

जानेवारीत नकाशा पसरल्यावर केरी आली.

“डॅड, यंदा रॉयलाही बोलावलंय.”

विल्फने नकाशाची घडी तळव्याने सपाट केली. “बरं.”

“एकटा असतो रे तो. आणि बोटीतलं त्याला कळतं.”

“तीन वर्षांत?”

“डॅड.”

“विचारलं फक्त.”

“तो म्हणत होता, माझ्याच बोटीने जाऊ. भाड्याची कशाला?”

“सहा माणसं आणि एक कुत्री. माझ्या मांडीवर झोपणार आहे का रॉय?”

एव्हिस भांडी विसळत होती. “झोपू दे की. दुसराही गुडघा करून घे यंदा.”

सोमवारी सकाळी विल्फने फोन करून बोट ठरवली. अकरा वर्षं तो सत्तावन्न फुटीच घेत होता. या वेळी एकोणसत्तर फुटी घेतली. या कालव्यांवर त्याहून फारशी लांब बोट चालतच नाही.

“बारा फूट जास्त कशाला?” मी विचारलं.

“हवा खेळती राहते,” तो म्हणाला.

जायचं ठिकाण ब्रॅकनहोम. जायला चौदा लॉक, यायला तेवढेच. कामाची वाटणी वहीच्या शेवटच्या पानावर होती. सुकाणू विल्फ. स्वयंपाक गॅरेथ. दोर केरी आणि फ्रेया. लॉक रॉय आणि एव्हिस. बोट पोचायच्या आधी पायवाटेने पुढे जायचं, लोखंडी किल्लीने झडपा उघडून लॉक भरून ठेवायचं, बोट आत आली की दारं लोटायची. दिवसातले चार-पाच तास रॉय काठावर असणार होता. विल्फने त्या पानावरून हात फिरवून ते मला दाखवलं. टॅन्सी आणि रॉय यांच्यामध्ये त्याने एक अख्खा कालवा घातला होता.

मार्चमध्ये रॉय चहाला आला. सोबत ओटकेकचं, म्हणजे इकडच्या ओटच्या धिरड्यांचं, पाकीट आणलं होतं, कारण विल्फला ते कुठल्या दुकानातले आवडतात हे त्याने केरीला विचारून घेतलं होतं. ही गोष्टही विल्फला आवडली नाही. रॉयने वही नीट वाचली, पान न पान. मीही तिथे होतो.

“फार मेहनत घेतलीस, विल्फ.”

“सवय आहे.”

“बोट एकोणसत्तर म्हणालास?”

“एकोणसत्तर. तुझी केवढी आहे म्हणालास?”

“सत्तावन्न.” रॉयने वही मिटली. “ब्रॅकनहोमला वळता येईल ना रे?”

“अकरा वर्षं वळतोय मी, रॉय.”

रॉयने ओटकेकवर चीज घेतलं. समोरचा माणूस गाडी खड्ड्याकडे नेतोय हे दिसत असताना कधी बोलायचं आणि कधी ब्रेक दाबायचा, हे त्याला पक्कं माहीत होतं. इथे त्याच्या पायाखाली ब्रेक नव्हता.

आता विल्फची चूक सांगायला हवी. कालवा अरुंद असतो, बोट लांब असते. ती कुठेही वळत नाही. मैलामैलाने एका काठाला खाच मारून पाणी रुंद केलेलं असतं, तिथेच ती फिरवावी लागते. प्रत्येक खाचेत केवढी बोट मावते हे नकाशावर बारीक आकड्यात लिहिलेलं असतं. विल्फच्या वहीत रोजच्या पानावर तळाशी ‘वळण: ठीक’ असायचं. पहिल्या वर्षी त्याने आकडे बघून ते लिहिलं होतं. पुढे तो मागच्या वहीतून उतरवत गेला, कारण सत्तावन्न फुटी बोट जवळजवळ सगळीकडे वळते. यंदाही त्याने ‘वळण: ठीक’ उतरवलं. मेंढ्या कुठे आहेत हे मात्र नव्याने तपासलं होतं.

मेमध्ये ते निघाले. मी दुसऱ्या दिवशी सकाळी बसने जाऊन त्यांना गाठलं, मला दर वर्षी मधले दोन-तीन दिवस बोलावतात. विल्फ सुकाणूपाशी उभा होता. गोणपाट घडी घालून ठेवलेलं होतं. त्यावर कुणी नव्हतं.

“टॅन्सी कुठे?”

विल्फने हनुवटीने पुढे दाखवलं. बोटीच्या पुढे दोनशे पावलांवर, पायवाटेवर रॉय चालला होता, किल्ली कमरेच्या पट्ट्यात खोचलेली. त्याच्या टाचेला लागून टॅन्सी.

“पहिल्या लॉकला उडी मारून उतरली,” विल्फ म्हणाला. “तेव्हापासून तिकडेच. रात्री झोपायला येते.”

“कुणाकडे झोपते?”

“फ्रेयाकडे,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा जरा सैल झाला.

रॉयला लॉकवर त्यानेच घातलं होतं. ते आता बदलता येत नव्हतं. बदललं तर रॉय सुकाणूवर येणार. दिवसभर तो एकोणसत्तर फूट लोखंडाच्या मागच्या टोकाला उभा राहिला आणि पुढच्या त्या दोन आकृत्या पाहत राहिला. टॅन्सी थांबली की रॉय थांबायचा. रॉयने खिशात हात घातला की विल्फ विचारायचा, “काय दिलं त्याने तिला?” दोनशे पावलांवरून कुणाला दिसणार.

“बिस्किट असेल,” एव्हिस म्हणाली. ती पुढच्या लॉककडे निघाली होती.

“वहीत लिहिलंय, जेवणाआधी बिस्किट नाही.”

“तिला वाचायला दे मग.”

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ब्रॅकनहोमला पोचलो. डोह फोटोतल्यासारखाच होता. काठावर एक पाटी होती, आणि पाटीवर साठ फूट लिहिलेलं होतं. विल्फने इंजिन मंद केलं. त्याने पाटी वाचली, बोटीच्या पुढच्या टोकाकडे पाहिलं, पुन्हा पाटी वाचली. तरीही त्याने बोटीचं नाक खाचेत घातलं. मागचं टोक समोरच्या दगडी काठाला लागलं आणि बोट कालव्यात आडवी अडकली. बाकावर बसून सँडविच खाणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याने सँडविच खाली ठेवलं.

बोट सोडवायला वीस मिनिटं लागली. सगळे मागच्या टोकाला जमले.

“याआधीची खाच दीड मैल मागे आहे,” रॉय म्हणाला. “तिथे सत्तर वळते.”

“तुला माहीत होतं.”

“मला वाटलं तू बघितलं असशील.”

“तुला माहीत होतं, रॉय.”

“विचारलं होतं मी. चहाच्या वेळी.”

केरीने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे. “डॅड, भांडण परत जाऊन करा. आता काय?”

आता उलटं जायचं होतं, दीड मैल. अशी बोट उलटी नीट चालत नाही, सुकाणू ऐकत नाही. मागच्या टोकाला दोर बांधून एकाने पायवाटेने ओढायचं, गॅरेथने पुढच्या टोकाला बांबू घेऊन काठापासून ढकलत राहायचं, आणि एकाने सुकाणू धरून मधूनमधून इंजिन द्यायचं. रॉयने दोराचं वेटोळं उचललं. तो उतरणार हे दिसताच टॅन्सी उठून उभी राहिली. तिची शेपटी हलत होती.

विल्फ तिच्याकडे पाहत होता. तीन दिवस त्याने तिला दुरूनच पाहिलं होतं. या वेळी ती पाच फुटांवर होती आणि तिचं लक्ष रॉयच्या तोंडाकडे नव्हतं. ते दोराकडे होतं, आणि त्यापलीकडच्या पायवाटेकडे.

“दे इकडे,” तो म्हणाला.

“तुझा गुडघा,” एव्हिस म्हणाली.

“दे, रॉय. तू सुकाणू धर.”

“तुला चालेल?” रॉयने विचारलं.

“चालायचंच आहे मला.”

तो काठावर उतरला. टॅन्सी त्याच्या मागून उतरली. रॉयकडे तिने वळूनही पाहिलं नाही. विल्फने दोर खांद्यावर घेतला, पुढे वाकला, आणि बोट हळूच हलली. टॅन्सी त्याच्या डाव्या टाचेला लागून चालू लागली, अगदी तशीच, जशी रॉयच्या चालत होती.

दीड मैलाला साडेतीन तास लागले. मी आणि केरी आळीपाळीने दोराला हात लावत होतो. पहिला पाऊण तास विल्फ टॅन्सीशी बोलत होता. गवताबद्दल, पुढे असलेल्या मेंढ्यांबद्दल. खिशातून त्याने बिस्किट काढून दिलं. जेवायला अजून तीन तास होते. उजवा पाय तो ओढत टाकत होता, तरी थांबायचं नाव नव्हतं.

एका पुलाखाली बोट काठाला घासेल असं वाटलं. रॉयने सुकाणू बोटभर ढकललं, इंजिनाला एक ठोका दिला, आणि एकोणसत्तर फूट लोखंड पुलाच्या कमानीतून उलटं, सरळ, काहीही न घासता निघालं. बाजूने जाणाऱ्या बोटीवरच्या बाईने मान हलवून दाद दिली. रॉयने टोपीला हात लावला. त्याच्या पायाशी गोणपाट रिकामं होतं, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. तो मजेत होता.

विल्फ थांबला. दोर सैल पडला. टॅन्सी त्याच्या बुटावर हनुवटी टेकून बसली, त्याच फिक्या डागावर.

“बघ ना त्याच्याकडे,” विल्फ मला म्हणाला. त्याने खाली पाहिलं नाही. “केवढा ऐटीत उभा आहे. बोट माझी आहे.”