म्वांगीच्या आईची कॉफी आणि आमचा ग्राइंडर

कुठल्या तोंडाने सांगू? कारण ज्या तोंडाने सांगायचं, त्याच तोंडाने मी त्या दिवशी भाषण ठोकलं होतं. पण तुम्ही चहा पाजताय, तर सांगून टाकतो. हसा, मला सवय आहे.

अमेरिकेतलं मराठी घर कसं ओळखायचं माहितीये? किचनमध्ये कॉफीचा ग्राइंडर असतो आणि त्यात कॉफी सोडून सगळं दळलेलं असतं. पुण्याहून कपड्यांत गुंडाळून आणलेला मिक्सर इथल्या विजेवर नुसता कण्हतो. मग काय, धणे-जिरे म्हणू नका, शेंगदाण्याचं कूट म्हणू नका, सगळा संसार त्या वीतभर ग्राइंडरवर. आम्ही नवरा-बायको तर चहा पिणारे. आमच्या ग्राइंडरने जन्मात कॉफीची बी पाहिली नव्हती.

ही दोन हजार पाचच्या हिवाळ्यातली गोष्ट. रेडमंडमध्ये मी एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. बाहेर तीन आठवडे पाऊस, आत मी आणि माझे बग. शेजारी म्वांगी बसायचा, केनियाचा. त्याच्या आईची डोंगरउतारावर कॉफीची झाडं. लाल फळं हाताने तोडायची, गर काढून बिया भिजवायच्या, धुवायच्या, उंच मांडवांवर पसरून वाळवायच्या आणि मग त्या माउलीने बसून एकेक खराब बी वेचून काढायची. आपल्याकडे तांदूळ निवडतात तसं.

म्वांगीने ती कॉफी मला पहिल्यांदा पाजली, तेव्हा मी आधी दूध-साखर शोधली. तो म्हणाला, "घोटभर तशीच पी." प्यायलो, आणि जिभेवर चक्क करवंद! तो कुठल्याशा काळ्या बेरीचं नाव घेत होता. मी म्हटलं, बाबा रे, बेरी तुझी तुला, आमच्याकडे याला करवंद म्हणतात.

एका बाबतीत मात्र तो फार कडक होता. बिया ऐनवेळी दळायच्या. दळून ठेवलेली कॉफी म्हणजे मेलेली कॉफी. "माझी आई म्हणते," तो सांगायचा, "दळलेली कॉफी फक्त नको असलेल्या पाहुण्याला द्यावी." हे लक्षात ठेवा.

तर, जवळच्याच सिएटलमध्ये डेल नावाचा एक कॉफी भाजणारा होता. छोटं दुकान, मोठी दाढी. म्वांगीने त्याच्या मागे लागून लागून त्याला आमच्या ऑफिसात चव घ्यायला बोलावलं. पसंत पडली तर डेल आईच्या शेतकरी सोसायटीचा माल थेट घेणार होता. मधल्या दलालांना फाटा. म्वांगीने त्या आठवड्यात धड जेवण केलं नाही.

डेल फक्त स्वतःचा चमचा घेऊन येणार होता. बाकीची तयारी आमची. आणि आदल्या संध्याकाळी म्वांगीचा ग्राइंडर जळाला.

"त्यात काय यार," मी म्हटलं, "माझ्याकडे आहे की!"

सकाळी निघताना सुजाता, म्हणजे आमची बायको, आतून ओरडली, "अरे, नेतोयस ते ने, पण आधी त्यात मूठभर तांदूळ फिरव. वास लागतो."

"हो गं," मी म्हटलं. नवऱ्यांच्या 'हो गं'चं पुढे काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. पेपर टॉवेलने पुसला, नाक लावलं. मला कसलाही वास आला नाही. येणार कुठून? मी स्वतःच त्या वासात राहत होतो.

डेल आला. म्वांगीने एकाच कॉफीचे पाच कप मांडले. प्रत्येक कपासाठी बिया वेगळ्या दळायच्या, तशी रीतच आहे म्हणे. दळायचं काम अर्थातच मी हौसेने घेतलं. मग डेलने चमचा बुडवला आणि असा भुरका मारला, की पलीकडच्या मीटिंगमधली माणसं वळून बघायला लागली. लहानपणी ताकाचा असा भुरका मारल्यावर मी धपाटा खाल्लाय. इथे त्याचा पगार मिळतो.

पहिला कप. डेलचे डोळे मिटले. "लवंग," तो पुटपुटला. "दालचिनी. आणि काहीतरी... ओल्या जंगलातलं. झाडाच्या सालीवरचं शेवाळ."

म्वांगी गोंधळला. "लवंग?"

"केनियाची अशी कॉफी मी कधी चाखली नाही. तुमच्या मातीत आहे तरी काय?"

म्वांगी बियांची पिशवी पुन्हा हुंगून बघायला लागला. आता अशा वेळी गप्प बसेल तो मी कसला? मी पुढे सरसावलो. म्हटलं, झांझिबार ठाऊक आहे ना, लवंगांचं बेट? तिथून समुद्राचा वारा सुटतो, तो थेट या डोंगरांवर येतो, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत झाडं तो वास धरून ठेवतात. बेट कुठे, डोंगर कुठे! नकाशा मी अजूनही बघितलेला नाही. डेलने मात्र सगळं वहीत उतरवून घेतलं. मला इतकं बरं वाटलं, की दुसऱ्या कपात त्याला भाजलेलं खोबरं लागलं, तेव्हा मी नारळाच्या बागाही लावून दिल्या.

तिसऱ्या कपाला डेलने मान तिरकी केली. चौथ्याला पेन्सिल थांबली. पाचवा प्यायला आणि त्याने वही मिटली.

"सॉरी," तो म्वांगीला म्हणाला. "पाचही कप सारखे लागायला हवेत. हा पाचवा अगदीच वेगळा आहे. हा माल मिसळलेला आहे."

म्वांगीचा चेहरा पडला. "माझी आई एकेक बी हाताने निवडते," एवढंच तो म्हणाला.

मी पाचवा कप उचलून घोट घेतला. करवंद. मग पहिला घेतला. आणि जिभेवर आली रविवारची भरली वांगी.

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन घरी फोन लावला. "सुजाता, त्या ग्राइंडरमध्ये शेवटचं काय दळलं होतंस?"

"गोडा मसाला. काल सबंध दुपार तेच करत होते. का रे? तांदूळ फिरवलेस ना?"

मी फोन ठेवला. खोटं कशाला बोलू, एक क्षण वाटलं, तसंच पार्किंग लॉट गाठावं. पण काचेतून म्वांगी दिसत होता, ते पाच कप एकटक बघत बसलेला. मला स्वतःचीच शरम वाटली.

आत येऊन सगळं सांगितलं. लवंग बायकोची, दालचिनी बायकोची, ते शेवाळ म्हणजे दगडफूल, आणि वारा माझा. डेलने ग्राइंडर उघडला. पात्याखाली तपकिरी कडं बसलं होतं. त्याने वास घेतला, माझ्याकडे बघितलं, वही उघडली आणि झांझिबारवर शांतपणे काट मारली. मग त्याने दोन मुठी बिया नुसत्या फिरवून फेकून दिल्या, ग्राइंडर स्वतः पुसला आणि पुन्हा पाच कप मांडले. दळायला मला हात लावू दिला नाही.

पाचही कप करवंद. त्याने माल घेतला. पुढच्या वर्षीही घेतला.

दोन दिवस म्वांगी दुसऱ्या टेबलावर जाऊन जेवला. तिसऱ्या दिवशी फक्त म्हणाला, "आईला फोनवर सांगितलं. ती खूप हसली." मी सुटकेचा नि:श्वास टाकला. चला, माउलीने माफ केलं.

पुढच्या सुट्टीत तो घरी जाऊन आला. टीममधल्या प्रत्येकासाठी आईने एकेक पिशवी पाठवली होती. बाकीच्यांना भाजलेल्या बिया. माझी पिशवी हातात घेतली तर मऊ लागली.

उघडून बघतो, तर दळलेली.

"मी नको म्हणत होतो," म्वांगी म्हणाला. "पण आईने ऐकलं नाही. स्वतः बसून कुटली."