बापाच्या नावाचा रकाना

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते माझ्या इतिहासाच्या बाईंचं. वारणानगरच्या शाळेत हजेरी घेताना त्या प्रत्येकाचं पूर्ण नाव घ्यायच्या, बापाच्या नावासकट. "तुला हितं कुणी पाठवलंय ते वर्गाला कळू दे की," म्हणायच्या. माझे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. त्यांचं नाव रोज वर्गात इतक्या आदरानं घेतलं जातं, याचं मला फार अप्रूप वाटायचं. पुढं घरातला पहिला पदवीधर झालो, त्याची सुरुवात मला त्या हजेरीत दिसते.

निवृत्तीनंतर बाई शाहूपुरीत राहायला आल्या. मी कागलच्या एमआयडीसीत नोकरीला. रविवारी गेलो की बाई संगणकासमोर. हिटलरच्या छळछावण्यांत कोंडलेल्या ज्यूंची जुनी कार्डं एका परदेशी संस्थेनं इंटरनेटवर ठेवली होती. कुणीही घरबसल्या ती वाचून नाव, जन्मगाव, वडील असे रकाने भरायचे. मग नातलगांना आणि अभ्यासकांना ती माणसं शोधता येतात.

"बाई, कोल्हापुरात बसून जर्मनीची कार्डं?"

"मग? कित्येकांच्या घरात करायला कुणी उरलंच नाही. सरक, बस हितं. मला मोतीबिंदूनं दिसंना झालंय. तू वाच, मी टंकते."

आपली रीत डोक्यात पक्की बसलेली. आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. त्यामुळं मधलं नाव आम्ही बिनदिक्कत वडिलांच्या रकान्यात घालत गेलो. त्या दिवशी पुरुषांचीच कार्डं निघत होती आणि जवळजवळ प्रत्येकाचं मधलं नाव इस्रायल.

"बाई, ह्यो म्हातारा लई दांडगा दिसतोय. सगळी ह्याचीच पोरं!"

"गप रे. आपल्या गल्लीत चार मारुती न्हाईत व्हय?"

मग एका कार्डावर खालची आईवडिलांची ओळ स्पष्ट लागली. बाकीच्यांवर ती कोरी किंवा पुसट होती, म्हणून आम्ही तिच्याकडं बघणंच सोडलं होतं. तिथं बापाचं नाव वेगळंच होतं. बाईंनी मला सूचनांचं पान उघडायला लावलं. मी वाचून दाखवलं. नाझी सरकारनं कायदाच केला होता. ज्याच्या नावावरून तो ज्यू आहे हे कळत नाही, त्या पुरुषानं नावाला इस्रायल जोडायचं, स्त्रीनं सारा.

माझा विनोद खोलीत तसाच पडून होता.

"म्हणजे सरकारनं लादलेलं नाव आपण बाप म्हणून घातलं," बाई म्हणाल्या.

"अजून पाठवलेलं न्हाई, बाई."

"उद्या एखादी नात आज्याला शोधायला येईल. पणज्याचं नाव घालून बघेल, आणि आपल्यामुळं रिकामी परत जाईल." त्यांनी चष्मा काढला. "परवा माझं ऑपरेशन. नंतर पडद्याकडं बघायची बंदी. तुझ्यावर सोडते."

पाळी संपली की मी रोज घरी कार्डं घेऊन बसू लागलो. कुणी शिंपी, कुणी पाव भाजणारा. कुणा कारकुनाचं अक्षर इतकं सुबक की अंगावर काटा यायचा. आणि माझ्यानंतर तेच कार्ड जगाच्या दुसऱ्या टोकाचा एक अनोळखी माणूस पुन्हा तपासणार होता. कुणी सांगितलं होतं त्याला हे करायला? मी कार्ड मोठं करून बघत राहायचो.

ऑपरेशननंतर बाई लेकीकडं सांगलीला होत्या. हे फोनवर सांगणं जमेना. त्यांना वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरांत पत्र लिहिलं.

"तीर्थरूप बाईंस, साष्टांग नमस्कार.

सगळी कार्डं दुरुस्त करून पाठवली. इस्रायल हे नाव कार्डावर आहे तसंच माणसाच्या नावात ठेवलं. ते लादलं होतं हेही लोकांना कळायला हवं. जिथं खालची ओळ लागली तिथं खऱ्या वडिलांचं नाव घातलं. बाकीचे रकाने कोरे सोडले. ते सोडताना फार जड गेलं.

पाठवण्याआधी प्रत्येक नाव मोठ्यानं वाचलं, तुम्ही हजेरीला वाचायचा तसं. उच्चार चुकले असतील. आमचे वडील दारात उभे होते. 'कुणाची रं नावं?' म्हणाले. सांगितलं. मग ते आत येऊन बसले आणि म्हणाले, 'सावकाश वाच.'

डोळ्यांत थेंब वेळेवर घालावेत. पुढची कार्डं आली आहेत. तुम्ही आल्याशिवाय उघडत नाही.

आपला विद्यार्थी"