जळकं कोठार

ओडेलिया फुर्टाडो त्या झाडाला हात लावत नसे. झाडाखाली पडलेल्या फळालाही नाही.

जंगलातल्या मोठ्या आगीनंतरच्या दुसऱ्या ऑक्टोबरात मी तिच्याबरोबर डोंगरातल्या खोल दरीत, कॅन्यनमध्ये, जायला लागलो. मी साहित्यात पदवी घेतली होती आणि मला काम नव्हतं. तिला पक्ष्यांच्या अभ्यासासाठी दुर्बिणीपाशी बसायला आणखी एक माणूस हवा होता. पगार म्हणजे पेट्रोल पंपावरची कॉफी आणि तिच्या डब्यातलं अर्धं सँडविच.

रस्त्याच्या कडेचा तो ओक आगीत मेला होता, पण उभा होता. खालून पोकळ, कोळशासारखा काळा. खोडाचं वरचं एक जाड खांड तेवढं शिल्लक राहिलं होतं, आणि ते भोकांनी भरलेलं होतं. सुतारपक्ष्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाडलेली भोकं. एका भोकात एक ओकफळ, ठोकून घट्ट बसवलेलं. हिवाळ्यात दुसरं काही मिळेनासं झालं की कुटुंबानं त्यावर जगायचं. कोठार गेलं की कुटुंब पांगतं. पांगलेल्यांपैकी बरेच वसंत पाहत नाहीत.

ओडेलियाच्या अभ्यासातली बाकीची झाडं पडली होती, नाहीतर पक्षी तिथून निघून गेले होते. या एकाच ठिकाणी कुटुंब टिकलं होतं. ते टिकतं की नाही, कसं टिकतं, एवढंच तिला पाहायचं होतं. फक्त पाहायचं.

ते सोपं नव्हतं. खांडाच्या होरपळलेल्या बाजूची भोकं मोठी झाली होती. पक्षी फळ आणायचा, ठोकायचा, फळ खाली पडायचं. तो दुसरं आणायचा. तेही पडायचं. एकदा एक फळ माझ्या बुटाजवळ आलं आणि मी वाकलो.

"हात खिशात, कविराज."

"अगं, त्यांचंच आहे. नुसतं वर..."

"शिडी आणतोस का? मग घास भरव त्यांना. गोष्ट सांग. झोपव."

"मी आयुष्यात एकही कविता लिहिलेली नाही."

"म्हणूनच तुझे हात रिकामे आहेत."

हे ती दुर्बिणीतून डोळा न काढता बोलायची. डोळ्याभोवती तिला कायमचं वर्तुळ पडलं होतं. आगीपासून तिचा खोकला गेला नव्हता. तिच्याबरोबर शिकायला लागलेले कधीच नोकरीला लागले होते. तिच्यापाशी एक जुना पिकअप ट्रक होता, आणि बहुतेक वेळा ती त्यातच झोपायची. घर कॅन्यनच्या वरच्या टोकाला होतं. आता तिथे धुराडं उभं होतं, बाकी काही नाही. तिचे वडील द्राक्षमळ्यांवरचे पंप दुरुस्त करायचे. आगीनंतर ते खाली सपाटीवर बहिणीकडे गेले आणि परत वर आले नाहीत.

रविवारी त्यांचा फोन यायचा.

"ओडी, पक्षी आहेत का अजून?"

"आहेत, बाबा."

"बरं."

एवढंच बोलणं. घराबद्दल दोघंही बोलायचे नाहीत.

नोव्हेंबरात एका सकाळी झाडावर नारिंगी रंगाची फुली दिसली. झाडं पाडणाऱ्या टोळीचा मुकादम लॉनी टॅकेट रंगाचा डबा हातात घेऊन तिथेच उभा होता. आमची रोजची ओळख झाली होती.

"पोरी, तुझं झाड झुकतंय."

"गेल्या वर्षीही झुकत होतं."

"गेल्या वर्षी इथून शाळेची बस जात नव्हती. आता जाते. शुक्रवारी पाडतोय."

ती भांडेल असं मला वाटलं. मी तर तोंड उघडलंही होतं. पण ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

दुपारी तिने ट्रकमध्ये बसून तिच्या प्रबंधाच्या प्राध्यापिकेला फोन लावला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"वाईट झालं, ओडेलिया. पण जरा विचार कर. कोठार एकाएकी नाहीसं झालं तर कुटुंब काय करतं, हे मुद्दाम करून पाहायची परवानगी आपल्याला कुणी जन्मात दिली नसती. ते आता आपोआप होतंय. तू फक्त बस आणि टिपून घे. वसंतात तुझा प्रबंध पुरा."

"हो."

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "म्हणजे सुटलीस तू."

"सुटले," ती म्हणाली. हातातला बरिटो तिने अर्धाच खाल्ला होता. तो तसाच धरून ती झोपली.

शुक्रवारी आम्ही खुर्च्या लांब मांडल्या. टोळीने रस्ता अडवला. करवत सुरू झाली तसे सगळे पक्षी खांडाच्या टोकाशी गोळा झाले. डोक्यांवर लाल टोप्या, पांढरे डोळे. ते ओरडत होते, पण करवतीपुढे काही ऐकू येत नव्हतं. नुसत्या चोची उघडताना दिसत होत्या. मी माझ्या कागदावर वेळ लिहिली. वर पाहिलं तर शेजारची खुर्ची रिकामी.

करवत थांबली. ओडेलिया रस्त्याच्या मधोमध उभी होती.

"मरायचंय का?" लॉनी ओरडला.

"ते वरचं खांड अख्खं काढता येईल?"

"क्रेन आहे, काढता येईल. काढून काय करू? उशाला घेणारेस?"

"त्या पलीकडच्या जिवंत ओकला बांधायचं. उभं. ही बाजू आत्तासारखीच दक्षिणेकडे."

"कुणी सांगितलंय?"

"कुणी नाही."

लॉनीने माझ्याकडे पाहिलं. "काय रे, तुझी मैत्रीण बरी आहे ना?"

"माहीत नाही," मी म्हणालो. मला खरंच माहीत नव्हतं. हीच मुलगी मला वाकू देत नव्हती.

"जेवणाची सुट्टी खाल्लीस आमची," लॉनी तिला म्हणाला, आणि पट्टे आणायला त्याने माणूस पाठवला.

खांड हवेतून आलं. थोडी फळं गळाली, बाकीची जागच्या जागी राहिली. ते ओकाच्या खोडाला टेकलं तेव्हा ओडेलियाने दोन्ही तळवे त्याला लावले आणि ते थोडं फिरवलं. पट्टे आवळले जाईपर्यंत तिने हात काढले नाहीत. मग काळे हात पँटला पुसले.

"आणि प्रबंध?" मी विचारलं.

"हे झाड त्यातून गेलं. मी हात लावला ना."

"मग उरलं काय?"

"फारसं काही नाही."

"ओडेलिया, का पण?"

ती रस्त्यावर बसली. बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"दमले रे. बघून बघून दमले. घर जळतानाही मी बघतच होते. पलीकडच्या टेकडीवरून. सगळं नीट दिसत होतं. तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं."

मग टोळीने बाकीचं झाड पाडलं आणि संध्याकाळपर्यंत तुकडे करून नेलं.

पक्षी त्या दिवशी खांडाकडे आले नाहीत. जिथे झाड होतं तिथल्या रिकाम्या हवेभोवती घिरट्या घालत राहिले, मग तारेवर बसले. शनिवारी एक खार आली आणि खांडातून फळं उपटायला लागली. ओडेलियाने टोपी काढून तिच्यावर फेकली.

"हे तुझ्या शास्त्रात बसतं का?" मी म्हटलं.

"मी आता शास्त्रात नाही. टोपी आण."

टोपी मी बऱ्याच वेळा आणली. खार दमली नाही, आम्ही दमलो. रविवारी दुपारी ओडेलिया ट्रकच्या सीटवर मान मागे टाकून झोपली. तोंड उघडं, हाताच्या रेषांत अजून काजळी. दुर्बीण तिने डब्यात घालून ठेवली होती. मी दार उघडं ठेवून पायरीवर बसलो. वाचायला पुस्तक आणलं होतं, पण तेच पान पुन्हा पुन्हा वाचत होतो.

टक टक टक असा आवाज आला.

मी मान वर केली. खांडावर लाल टोपीचा एक पक्षी होता. होरपळलेल्या बाजूच्या भोकात तो फळ ठोकत होता. ओडेलियाला उठवावं म्हणून मी वळलो. तिचे डोळे मिटलेलेच होते.

"सैल आहे," ती म्हणाली.

फळ खाली पडलं. पक्षी खाली उतरला, ते उचलून वर गेला, खांडाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला दिसेनासा झाला. पुन्हा टक टक. या वेळी आवाज वेगळा होता. आधी मोकळा, मग आखूड, मग जाड.

"बसलं," ती म्हणाली. डोळे तिने उघडलेच नाहीत. "बाबांना फोन कर."

"काय सांगू?"

"आहेत म्हणून सांग."

ती कुशीवर वळली. मी तिच्या जॅकेटच्या खिशातून फोन काढला आणि तिला आवाज जाऊ नये म्हणून ट्रकपासून थोडा लांब गेलो.