बोरीच्या लग्नातलं बिनदाराचं कपाट

जुन्नरच्या बाजारपेठेत नौशादचं साउंडचं दुकान आहे. लग्न असो, दहावा असो की सभा, मांडव पडला की माइक आणि बॉक्स त्याचे. माणूस कष्टाळू, पण एका बाबतीत हट्टी. छातीत धडकी भरवणारा आवाज त्याला आवाज वाटतच नसे. "ती मारहाण झाली," तो म्हणे. "आवाज म्हंजे कसा, बांगडी काचेची का प्लॅस्टिकची, ते नुसतं ऐकून कळलं पायजे."

एकदा भंगारात आलेल्या जुन्या रेडिओग्राममध्ये त्याला एक ट्वीटर सापडला. ट्वीटर म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाज काढणारा धाकटा भाऊ. आजकालचे ट्वीटर छोट्या घुमटासारखे फुगीर. हा मात्र पुरीएवढा, कागदी नरसाळ्याचा, पाठीला वजनदार लोहचुंबक बांधलेला. कागद झुरळांनी खाल्ला होता, तार जळाली होती. नौशादनं तार नवी गुंडाळली, पण कागदाशी अडलं. पतंगाचा कागद फाटला, लग्नपत्रिकेचा जड झाला. शेवटी बेकरीतला पातळ कागद भाताच्या पेजेत बुडवून, वाळवून त्यानं नरसाळं वळलं. त्यातून जो आवाज आला, तो ऐकून नौशाद जेवायचं विसरला.

सगळी दुनिया आधी मोठा स्पीकर आणते, त्याच्या मापाचा खोका करते आणि उरलेल्या जागेत ट्वीटर चिकटवते. नौशादनं उलटं धरलं. ट्वीटर नवरदेव, बाकी सगळं वऱ्हाड. खालचा स्पीकर त्याच्या मिजाशीला जुळणारा हवा. दांडगे स्पीकर त्याला दाबून टाकत, किरकोळ त्याच्यापुढं लाजत. अखेर त्याच्याच पिढीतला एक कागदी स्पीकर जुळला, तर त्याला मोकळा श्वास घ्यायला पुरुषभर उंचीचा, पाठीमागून उघडा खोका लागला. तोही सागवानी. घरात सागवान एकच होतं, बायकोच्या माहेरून आलेला दिवाण.

"अहो, दिवाण कुठाय?" जैबुन्निसानं विचारलं.

"घरातच हाय," नौशाद म्हणाला. "उभा केलाय."

जैबुन्निसानं खोक्याभोवती एक फेरी मारली, कुठं बसता येईल ते पाहिलं आणि चटई आणायला गेली.

खोक्याला एक खोड होती. ट्वीटरचा आवाज पसरत नसे, बॅटरीच्या झोतासारखा सरळ जाई. नौशाद ज्या खुर्चीवर बसून तो जुळवी, तेवढ्या जागी स्वर्ग. हातभर सरकलं की नुसती गुणगुण.

असा खोका कोण नेणार? तर बोरी बुद्रुकच्या दादाभाऊंनी नेला. त्यांच्या मुलीचं, प्रांजलचं लग्न होतं. त्यांनी खोका ऐकला नाही, पाहिला. "नौशादभाऊ, ह्योच आना. लोणीचं पावनं हायेत, लांबून दिसाया पायजे."

मांडवात नौशादनं नेमकी जागा हेरून स्वतःसाठी खुर्ची ठेवली आणि वायर जोडायला वळला. तेवढ्यात खुर्चीवर दादाभाऊंच्या चुलती, रतनबाई, येऊन बसल्या. त्या ठार बहिऱ्या नव्हत्या, पण कैक वर्षं त्यांना माणसाचं बोलणं विहिरीच्या तळातून आल्यासारखं ऐकू येई. त्यातला शब्द काही लागत नसे.

"आजी, जरा पलीकडं बसता का?"

"बरं बरं," रतनबाई हसून म्हणाल्या आणि हलल्या नाहीत.

सत्कार सुरू झाले. टोप्या-उपरण्यांचे मानकरी पुकारता पुकारता निवेदकाचा घसा बसला, तो पाणी प्यायला उतरला आणि माइक तसाच चालू राहिला. माइकमागच्या कोचावर नवरदेवाचे चुलते सोपानराव शेजारच्याच्या कानाशी लागले. मांडवाला गुणगुण ऐकू आली. रतनबाई एकदम ताठ झाल्या.

"मठ्ठा पातळ न्हाई!" त्या कडाडल्या. "म्या सोता चाखलाय!"

अख्खा मांडव वळला. दादाभाऊ धावत आले. "नानी, कुनी काय बी बोललं न्हाई."

"बोलला की त्यो! आन् नवरदेवाचा बूट पोरींनी पळवला तर पळवू द्या म्हनतोय, कुनाचा तरी मागून आनलाय!"

मागच्या रांगेतून एक माणूस उठला आणि आपले बूट शोधायला गेला.

वरपक्षात घबराट पसरली. माइकजवळ जो तो आणखी हळू बोलू लागला. पण कुजबूज म्हणजे निव्वळ बारीक आवाज, ट्वीटरचं आवडतं खाद्य. माणसं जितकी दबून बोलत, तितकं रतनबाईंना स्वच्छ ऐकू येई. "भटजींना दुसरं लगीन हाय, उरका!" त्यांनी जाहीर केलं. त्यामुळं पुढचे सत्कार राहिले आणि अक्षता मुहूर्तावर पडल्या. बोरीत असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

खरं तर नौशादनं माइक बंद करायला हवा होता. त्याचा हात बटणापर्यंत गेलाही. पण रतनबाईंनी त्याची बाही धरली. डोळ्यांत पाणी होतं.

"पोरा, 'स' ऐकू येतोय रं," त्या म्हणाल्या. "इतकी वरसं समदी मान्सं 'स' खाऊन बोलत व्हती."

नौशादनं हात मागं घेतला. आजवर गिऱ्हाइकांनी त्याला 'वाढवा, अजून वाढवा' एवढंच सांगितलं होतं.

तोवर बायकांनी खोक्यावर रुखवताचे लाडू मांडले होते, कुणी त्याला हळदीकुंकूही लावलं होतं. पाठवणीच्या गडबडीत, नौशाद मांडवामागं वायरी गुंडाळत असताना, लोणीच्या पोरांनी आंदणाचं कपाट समजून खोका टेम्पोत चढवला, सोबत माइक आणि अँप्लिफायरही. रतनबाईंनी ते पाहिलं. "पाठराखीन म्हून म्या जानार!" म्हणत त्या खुर्चीसकट टेम्पोत बसल्या.

दोन-चार दिवस नौशाद खोका शोधत फिरला, मग प्रांजलचा फोन आला.

"चाचा, तुमचं कपाट हिकडं आलंय. त्याला दारच न्हाई. म्या मागल्या अंगानं साड्या ठिवल्यात."

"साड्या काढ आधी!" नौशाद ओरडला.

"काढल्या. आवाज जड झाला म्हून नानी रागावली."

नौशाद टेम्पो घेऊन लोणीला गेला. घरात खोक्यासमोर रतनबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्यापासून चार हातांवर सोपानराव हातात माइक धरून कांद्याचा बाजारभाव वाचत होते. मग माइक प्रांजलकडं गेला. "नानी, चहा टाकू का?" ती माइकमधून म्हणाली.

"कसं चाललंय?" नौशादनं विचारलं.

सोपानरावांनी आधी माइक हातात घेतला. आता सवयच झाली होती. "घरात भांडान ऱ्हायलं न्हाई, राव. एकाच्या हातात माइक असला की दुसऱ्याला गप बसावं लागतं. आन् कुजबुजायचं असलं तर आमी वावरात जातो."

"ऐकलं म्या," रतनबाई म्हणाल्या.

नौशाद खोका न्यायला आला होता, पण त्याची नजर जमिनीवर गेली. फरशी उताराची होती, खोका किंचित कलला होता. झोत आजींच्या कानाखालून जात असणार. त्याला राहवलं नाही. त्यानं पुठ्ठ्याची घडी एका कोपऱ्याखाली सारली, खोका बोटभर फिरवला, खुर्चीमागं गुडघे टेकून आपला कान रतनबाईंच्या कानाला लावून पाहिला.

"आता बोला," तो सोपानरावांना म्हणाला.

"काय बोलू?"

"'स' असलेलं कायबी."

सोपानरावांनी बराच विचार केला. "ससा," ते म्हणाले.

रतनबाईंनी डोळे मिटले. "पुन्ना म्हन."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला. खोका कधी चढवायचा, विचारायला तो दारात आला, तेव्हा नौशादनं ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं आणि खाली बसायची खूण केली.