न वाढणाऱ्या जिवाणूंची परीक्षा

लुर्डिस मेदेइरोसने बॉस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या एका प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं जिवाणू पोसले. पोटच्या पोरांचं केलं नसेल इतकं त्यांचं केलं. रोज सकाळी जुन्या फ्लास्कातला थेंब काढून ताज्या पोषक रसात टाकायचा, की लागले दुपटीने वाढायला. आता ते काम यंत्र करणार होतं. वरून फर्मान आलं: जिवाणू कॉम्प्युटरवर रचायला शिका, तीन आठवड्यांनी शुक्रवारी परीक्षा आहे, ती पास व्हा, नाहीतर महिनाअखेर नमस्कार.

चौपन्नाव्या वर्षी समीकरणं! आणि शिकवायला कोण, तर वायट नावाचा पोरगा. ती कामाला लागली तेव्हा हा पाळण्यात होता.

परीक्षेचा प्रश्न एकच होता, कागद आधीच हातात दिलेला: या रचनेचे जिवाणू लुकलुकतील का? लुर्डिसला हसूच आलं. हेच जिवाणू तिने स्वतः वाढवले होते. दर तीन तासांनी हिरवे उजळायचे नि विझायचे. पण स्क्रीनवर त्या हिरव्या रंगाची रेषा वर चढली आणि तिथेच ठाण मांडून बसली.

"आकडे बदलून बघा ना," वायट म्हणाला.

"तीन आठवडे दुसरं काय करतेय? आकडे बदलून माझा चेहरा बदलला!"

घरी तिचा नवरा जिल हा केल नावाच्या पालेभाजीचं सूप पुन्हा पुन्हा गरम करायचा. "अगं, दोन घास खाऊन तरी घे."

"त्या रेषेला भरव आधी. मेली हलत नाही!"

गुरुवारी सकाळी नेहमीचा थेंब टाकताना तिचा हात थबकला. जिवाणू दुप्पट झाले की आतला रंग वाटला जातो, निम्मा पातळ होतो. म्हणून तर विझतात! आणि हेच समीकरणात नव्हतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा! तिने वाढ घातली आणि रेषा नाचायला लागली. शुक्रवारी तिने 'हो, लुकलुकतील' असं ठणकावून लिहून दिलं.

सोमवारी निकाल लागला. नापास.

"पहिल्या पानावर तळाशी होतं," वायट खाली बघत म्हणाला. "वाढ शून्य धरा. सोपं जावं म्हणून. उत्तर 'नाही' होतं."

"म्हणजे माझी पहिल्या दिवसाचीच रेषा बरोबर होती?"

"हो."

"अरे, वाढ शून्य म्हणजे मेलेले! मेलेले लुकलुकत नाहीत हे कळायला माझे तीन आठवडे खाल्लेस? आणि नोकरीही?" तिच्या अंगाची लाही लाही झाली.

महिनाअखेर ती आपला खण रिकामा करत होती, तेवढ्यात तो पुन्हा आला.

"लुर्डिस, खऱ्या जिवाणूंचं मॉडेल करतोय. आपले किती मिनिटांत दुप्पट होतात हो? कुठे लिहिलेलंच सापडत नाही."

चौतीस मिनिटं. तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. तिने पिशवीची चेन ओढली आणि कोट चढवला.

"शून्य धर," ती म्हणाली. "सोपं जातं."