दातमामा आणि सरकीचा पाक

दातमामा नमस्काराला उत्तर देण्याआधी समोरच्याचे दात पाहत. माणूस हसला तर बरंच. नाही हसला तर काहीतरी वाकडं बोलून त्याला हसवत आणि तोंड उघडलं की डोळे बारीक करून आत बघत. मग म्हणत, "राम राम." त्यांचा धंदा बैल पारखण्याचा. बैलाचं वय दातांवरून कळतं आणि विकणारा ते कधीच खरं सांगत नाही, या दोन गोष्टींवर त्यांनी चाळीस वर्षं भाकरी खाल्ली होती. पुढे पुढे बैल आणि माणूस यांतला फरक त्यांना अंधुक दिसू लागला, एवढंच. त्यांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मला ते कशाला हवंय असा संशय त्यांना आला असता.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस अडकला आणि इकडे वऱ्हाडात कापसाचा भाव आभाळाला भिडला, त्या वर्षांतली ही हकिगत. मी तेव्हा अमरावतीला शाळामास्तर होतो आणि सुट्टीत अकोल्याच्या वाटेवरच्या आमच्या गावी येत असे. सगळ्या मुलखात संशय भरून राहिला होता. घेणारा कापसाच्या गाठोड्यात, बोंदरीत, कोपरापर्यंत हात खुपसून ओल शोधत होता, कारण वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारण्याची कला लोकांना अवगत झाली होती. विकणारा काट्याकडे डोळे वटारून पाहत होता. अशा दिवसांत दातमामांच्या स्वभावाला लोक शहाणपण म्हणू लागले.

बाजारात मामा विकणाऱ्याशी बोलत नसत. मीठ चारून वर पाणी पाजलेला बैल भरल्या पोटाचा दिसतो, तेल लावलं की शिंग तरणं दिसतं, हे त्यांना पाठ होतं. ते फक्त म्हणत, "चालव." बैल काळ्या मातीतून चालू लागला की मामा त्याच्या मागे मागे चालत आणि खुरांकडे बघत. परत येऊन एकच शब्द बोलत, घे किंवा सोड. कारण विचारलं तर म्हणत, "उभा राह्यला त गाढवही हत्ती दिसते."

पैसा आल्यावर आमच्याकडच्या पुरुषांनी पहिली गोष्ट सोडली ती चालणं. शेतावर पायी जाणं हे गरिबाचं लक्षण ठरलं. जो तो बसायची हलकी बैलगाडी, रेंगी, घेऊ लागला आणि पाव कोस जायलाही बैल जुंपू लागला. ज्वारीची भाकर गड्यांसाठी राहिली आणि मालकाच्या ताटात दोन्ही वेळा तुपात भिजलेली पोळी आली. मग वर्षा-दोन वर्षांत हेच लोक दम लागतो, झोप येत नाही, अंगात त्राण नाही, असं कुजबुजत बाजारात मामांना गाठू लागले. मामा त्यांना औषध देत नसत. "चाल," म्हणत, आणि त्याच्या मागे मागे चालत. नंतर विचारत, "काल काय खाल्लं?" तो सांगे. "तुह्या बायकोले इचारून येऊ?" असं मामांनी म्हटलं की बहुतेक जण पुन्हा पहिल्यापासून सांगत.

अशा नव्या श्रीमंतांत आमचा दादाही होता. गावची पाटीलकी, काळी जमीन, दारात रेंगी, आणि लग्नाला सहा वर्षं होऊन घरात मूल नाही. दोष कुणाचा, हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारला नाही. उत्तर ठरलेलंच होतं. मायने दादाच्या दुसऱ्या लग्नासाठी मुलगी हेरली आणि ती पाहायला वहिनीलाच पाठवलं, म्हणजे उद्या कुणी बोलायला नको. वहिनी संध्याकाळी परत आली आणि चुलीपुढे बसून म्हणाली, "चांगली हाये. मेथी निवडतांनी एक काडी वाया जाऊ देत नाई."

दादाच्या मनात मात्र कुठेतरी धाकधूक असावी, कारण तो गुपचूप अकोल्याच्या एका वैद्यराजांकडे जाऊ लागला होता. ही पदवी त्यांना कोणी दिली ते समजायला मार्ग नाही, पण पगडी पदवीला साजेशी होती. त्यांचा पुरुषांच्या ताकदीचा एक पाक होता. तो आपण राजेरजवाड्यांखेरीज कुणाला देत नाही, असं ते प्रत्येकाला सांगत. त्या साली अकोल्यात बरेच राजे झाले होते.

रेंगीला नवी जोडी घ्यायची म्हणून दादाने एकदा मामांना अकोल्याच्या बाजारी नेलं. मीही बरोबर होतो. वाटेत दादाने पाकाचा डबा उघडला आणि चांदीचा वर्ख लावलेली, सुपारीएवढी एक गोळी तोंडात टाकली. मामांनी हात पुढे केला. पाटलाला नाही म्हणता येईना. मामांनी गोळी फोडली, हुंगली, जिभेच्या टोकाला लावली आणि रेंगीबाहेर थुंकले.

"पाटील, हे काहून खाऊन राह्यले तुमी?"

"ताकतीचं हाये."

"सरकी हाये. वरून गूळ अन् तूप."

"असन. म्हशीले सरकी चारली त दूध कसं दाट येते!"

"येते ना. तुमाले दूध द्याचं हाये का?"

मी बाहेरच्या बाभळींकडे पाहू लागलो. दादाचा चेहरा लाल झाला. मामांना त्याचं काही नव्हतं. रिद्धपूरच्या अलीकडे एका पाटलाकडे पांढराशुभ्र सांड होता, असं ते सांगू लागले. कापसाची तेजी आली, घरात कापसाच्या बियांचे, सरकीचे, ढीग पडले आणि पाटील त्याला टोपल्याने सरकी चारू लागला. सांड असा तुकतुकीत झाला की लोक बघायला येत. पण वर्षभर गावात एक गाय गाभण राहिली नाही.

"मंग?" दादाने न राहवून विचारलं.

"मंग काय, पाटलानं गाईले वांझ ठरवलं. दोन गाई इकून टाकल्या. त्या दुसऱ्या गावाले गेल्या अन् तिथं दोघीही गाभन."

मग दादा उसळला, "मले जनावर समजतं का बे तू, मामा?"

"नाई पाटील. जनावर खोटं नाई बोलत."

जोडी न घेताच आम्ही परत निघालो. गावाच्या वेशीवर मामा उतरले आणि म्हणाले, "एक पीक थांबा. पाक बंद, रेंगी बंद, ज्वारीची भाकर अन् शेतावर पायी. मंग पाह्यजे त दोन बायका करा." दादाला हे पटलं असं मला वाटत नाही. आपण नाही म्हटलं तर ही सांडाची गोष्ट पुढच्या बाजारी आपलं नाव लावून फिरेल, असा त्याला संशय होता. त्याने मायला सांगितलं, यंदा मुहूर्त नाही.

मामांचा दादावर काडीचा विश्वास नव्हता. ते केव्हाही उगवत. दादा ओसरीवर बसला असेल तर आधी त्याच्या टाचा बघत. टाचांच्या भेगांत काळी माती असली तर पाणी मागून पीत. नसली तर पाणीही न घेता निघून जात. एकदा दादाने ओसरीखालची माती पायाला फासून ठेवली. मामांनी ती नखाने खरवडली आणि म्हणाले, "ही वावरातली नाई, कोंबडीच्या खुराड्याजवळची हाये." दुसऱ्या दिवसापासून दादा खरोखर वावरात जाऊ लागला.

मला मामांचाच संशय येऊ लागला होता. एवढी उठाठेव हा माणूस का करतो? चौकशी केली तेव्हा कळलं, की ते वहिनीच्या माहेरचे. तिच्या बापाशेजारी त्यांचं घर होतं आणि ती लहान असताना त्यांच्या गोठ्यात खेळत असे. मी त्यांना बाजारात गाठलं आणि विचारलं. त्यांनी माझे दात पाहिले.

"हाये त मंग. म्हनून सरकीचं औषध होते का, मास्तर?"

"पण सरकीनेच असं होतं, हे खरं का?"

"मले काय ठाव! पन सरकी सोडल्यानं कोनी मेलं नाई. सवत आल्यानं मरते."

पीक घरात यायच्या आतच अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव कोसळला. दादाने रेंगी विकली, पोळी सणावारी आली आणि मामांनी न सांगता साऱ्या गावाने त्यांचं पथ्य सुरू केलं. पुढच्या वर्षी वहिनीला मुलगी झाली. मायने श्रेय रिद्धपूरच्या नवसाला दिलं. वैद्यराजांनी निरोप पाठवला की पाक सावकाश लागू पडतो. मी मामांचं अभिनंदन करायला गेलो तर ते म्हणाले, "माह्यानं काई नाई झालं. भाव पडला म्हनून झालं." स्वतःच्या यशावर इतका अविश्वास असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मग आगगाडी आली. कापूस डब्यांतून मुंबईला जाऊ लागला आणि लांब पल्ल्याच्या बैलांचा बाजार ओसरला. मामा एका हिवाळ्यात तापाने गेले. शेवटच्या दिवसांत कुणाच्याही हातचं औषध त्यांनी घेतलं नाही, असं म्हणतात. मला ते खरं वाटतं.

मुलगी सहा वर्षांची झाली आणि तिच्या पाठीवर काही झालं नाही. मायने पुन्हा दादासाठी मुलगी हेरून तिच्याकडचे पाहुणे बोलवायचं ठरवलं. वंशाला दिवा हवा म्हणून. त्याच सुमारास काही कामाने मी रिद्धपूरला गेलो होतो. येताना वाकडी वाट करून अलीकडच्या तीन गावांत उतरलो आणि म्हाताऱ्यांना पांढऱ्या सांडाबद्दल विचारलं. असा सांड कुणालाच आठवेना. एका गावात तर पाटलाने सांड कधी पाळलाच नव्हता. लोक गाई शेजारच्या गावी नेत.

घरी आलो तेव्हा दादा ओसरीवर होता. आत वहिनी सुपाने तूर पाखडत होती.

"त्या बाजूले गेलता म्हने," दादा म्हणाला. "मामाच्या सांडाचं इचारलं का कोनाले?"

आतलं सूप थांबलं.

मी आयुष्यभर मुलांना खरं बोलावं म्हणून छड्या मारल्या. "इचारलं," मी म्हणालो. "म्हतारे अजून सांगतात. पांढराशुभ्र होता म्हने, फार देखना."

"अन् त्या गाई?"

"दोघींलेही वासरं झाली."

दादा आपल्या पायांकडे बघत बसला. मग आत तोंड करून म्हणाला, "माय, त्या पाहुन्यायले येऊ नका म्हनून सांगजो."

आतलं सूप पुन्हा चालू झालं.